एलईडी लावले, सोलर बसवलं, तरी रुग्णालयाचं वीजबिल पुन्हा तेवढंच: दोष कुठे शोधायचा

तक्रार ओळखीची आहे. दोनशे-तीनशे खाटांचं रुग्णालय, ११ किंवा २२ केव्हीची उच्चदाब जोडणी, चिलरवर (पाणी थंड करणाऱ्या यंत्रावर) चालणारं मध्यवर्ती वातानुकूलन. जुन्या ट्यूब काढून एलईडी लावले, गच्चीवर सोलर बसवलं, पंपांना व्हीएफडी (मोटारीचा वेग बदलणारी उपकरणं) जोडले. दोन-तीन महिने बिल उतरतं आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ते पुन्हा जुन्या आकड्यावर येऊन बसतं. मग नवीन चिलरचं कोटेशन मागवलं जातं. ते मागवण्याआधी खालच्या तपासण्या करा. यातल्या बहुतेकांना टॉंग टेस्टर (तारेभोवती धरून करंट मोजणारा मीटर), पॅनेलवरचं मीटर आणि एक थर्मामीटर पुरतो.

पुढचे बिलाचे नियम महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांना धरून आहेत. मुंबईतल्या कंपन्यांचे दरही राज्याचाच वीज नियामक आयोग ठरवतो, पण आकडे वेगळे असतात. गोव्याला संयुक्त आयोगाचे आदेश लागू होतात. यंत्रांचं वागणं सगळीकडे सारखंच.

आधी बिल फोडा

'बिल वाढलं' एवढ्यावर काहीच दुरुस्त करता येत नाही. मागच्या २४ महिन्यांची बिलं घ्या आणि एका तक्त्यात सहा रकाने भरा: केडब्ल्यूएच (प्रत्यक्ष वापरलेली वीज), केव्हीएएच (पॉवर फॅक्टरचा परिणाम धरून मोजलेली वीज), कमाल मागणी, बिलिंग मागणी (ज्या मागणीवर आकार लागतो ती), टीओडी म्हणजे वेळेनुसार दराच्या झोननिहाय युनिट आणि बिलाचे दिवस. युनिटना दिवसांनी भागा, कारण २८ दिवसांचं आणि ३१ दिवसांचं बिल शेजारी ठेवलं तर वापर न बदलताही दहा टक्क्यांचा फरक दिसतो. तुलना मागच्या महिन्याशी करू नका, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा.

आता तीनपैकी एक चित्र दिसेल. केडब्ल्यूएच वाढलं असेल तर वीज खरोखर जास्त जळते आहे. केडब्ल्यूएच घटलं पण केव्हीएएच तिथेच राहिलं, तर दोष पॉवर फॅक्टरचा (किलोवॅट आणि केव्हीए यांच्या गुणोत्तराचा). दोन्ही घटले आणि रक्कम घटली नाही, तर मागणी आकार, टीओडी किंवा थेट दरवाढ. तिसऱ्या प्रकारात तंत्रज्ञाला बोल लावण्यात अर्थ नाही, तरी तेच सर्रास घडतं.

टीओडीबद्दल एक इशारा. अनेक ठिकाणी पाण्याचे पंप, लाँड्री आणि गरम पाण्याच्या टाक्या रात्री १० ते सकाळी ६ या वेळेवर टायमर लावून ठेवल्या आहेत, कारण पूर्वी सवलत त्या वेळेत होती. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांतल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर सवलत दिवसाच्या सौर तासांकडे आणि जादा आकार संध्याकाळच्या तासांकडे सरकतो आहे. चालू दर आदेशातले झोन वाचा आणि टायमर त्यांच्याशी ताडून पाहा. जुन्या टायमरमुळे गेलेला पैसा परत आणायला खर्च शून्य आहे.

रात्री तीनचा भार

केडब्ल्यूएच वाढलेलं असेल तर पहिली तपासणी ही. रात्री २ ते ४ च्या दरम्यान मुख्य इनकमरवरचे (इमारतीत वीज येते त्या मुख्य स्विचवरचे) किलोवॅट टिपा, सलग सात रात्री. ओपीडी, प्रशासन, व्याख्यानगृहं, कॅन्टीन सगळं बंद असताना जे चालतं तो पायाभूत भार. यातला प्रत्येक किलोवॅट वर्षभरात ८,७६० युनिट खातो. सगळे आकार धरून युनिटला १० रुपये पडत असतील, तर चोवीस तास चालणारा २० किलोवॅटचा फुकट भार म्हणजे वर्षाला साडेसतरा लाख रुपये. एलईडीच्या प्रकल्पातून एवढी बचत क्वचित होते, कारण दिवे दिवसाचे मोजके तासच जळतात.

मग फिडरवार (मुख्य पॅनेलमधून निघणाऱ्या एकेका लाइनवार) उतरा. प्रत्येक आउटगोइंगचा करंट टॉंग टेस्टरने मोजा आणि त्या फिडरवर रात्री काय चालायला हवं ते बाजूला लिहा. दोन्हींत तफावत दिसेल तिथे चालत जा. हमखास सापडणारी ठिकाणं अशी:

– ओपीडीचे एएचयू (हवा थंड करून खोल्यांत सोडणारी यंत्रं). सिलेक्टर स्विच 'ऑटो'ऐवजी 'मॅन्युअल'वर असतो. ५.५ किलोवॅटच्या चार मोटारी रात्रभर फिरत असतात, शिवाय त्यांच्या कॉइलमधून थंड पाणी जात असल्यामुळे चिलरवरही भार पडतो.

– तळघरातल्या पार्किंगचे पंखे. कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर बिघडला की यंत्रणा सुरक्षेसाठी पंखे पूर्ण वेगाने चालवते आणि सेन्सर बदलेपर्यंत ते तसेच चालतात.

– पाण्याचा प्रेशर पंप. रात्री नळ जवळजवळ बंद असताना तो दर दोन-तीन मिनिटांनी सुरू होत असेल, तर एक तर प्रेशर टाकीतली हवा गेली आहे, नाहीतर एनआरव्ही (पाणी उलट जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) गळतो आहे किंवा कुठेतरी फ्लश टाकी वाहते आहे. टाकीतली हवा पंप सुरू होण्याच्या दाबापेक्षा साधारण ०.२ बारने कमी ठेवायची असते आणि ती टाकी रिकामी करूनच तपासावी लागते. पाणी भरलेलं असताना गेज लावला तर पाण्याचाच दाब दिसतो.

– यूपीएस. १०० केव्हीएचे दोन समांतर आणि प्रत्येकावर दहा-बारा टक्के भार, हे चित्र नवीन इमारतींत फार दिसतं. एवढ्या कमी भारावर यूपीएसची कार्यक्षमता घसरते आणि तो जी उष्णता सोडतो ती काढायला त्या खोलीचा एसी चोवीस तास चालतो. आयसीयू आणि शस्त्रक्रियागृह ज्यावर आहे त्या यूपीएसची जोडी मोडू नका. कार्यालयीन संगणकांचा यूपीएस मात्र छोटा करता येतो.

– रिकामा ट्रान्सफॉर्मर. ६३० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर भाराशिवाय नुसता चालू ठेवला तरी साधारण एक किलोवॅट खातो. दोन ट्रान्सफॉर्मरवर मिळून भार कमी असेल आणि बस कपलर (दोन्हींचे पॅनेल जोडणारा स्विच) असेल, तर एक उच्चदाब बाजूने बंद ठेवता येतो. ओलावा साचू नये म्हणून महिन्या-महिन्याला अदलाबदल करा.

शस्त्रक्रियागृह, आयसीयू आणि विलगीकरण कक्ष यांचे एएचयू या शोधमोहिमेत कुणीही परस्पर बंद करू नयेत. तिथे हवेचा दाब आणि हवाबदल रुग्णाच्या जिवाशी जोडलेले आहेत. वापर नसताना शस्त्रक्रियागृहाच्या एएचयूचा वेग व्हीएफडीने उतरवता येतो, पण खोलीचा धन दाब टिकतो आहे हे मॅग्नेहेलिक (हवेच्या दाबातला फरक दाखवणाऱ्या) गेजवर पाहून आणि संसर्ग नियंत्रण समितीची लेखी संमती घेऊनच. एकदा हे नीट बसवलं की त्यातून मिळणारी बचत मोठी असते, म्हणून ती बैठक टाळू नका.

सोलर लागल्यावर पॉवर फॅक्टर का कोसळतो

महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांना १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर बिल येतं. त्यामुळे पॉवर फॅक्टरचा वेगळा दंड दिसत नाही. तो युनिटमध्येच मिसळलेला असतो आणि म्हणून नजरेतून सुटतो.

समजा इमारतीचा दुपारचा भार ४०० किलोवॅट, पॉवर फॅक्टर ०.९५. म्हणजे रिॲक्टिव्ह भार (काम न करता नुसता करंट वाढवणारा) सुमारे १३१ केव्हीएआर. गच्चीवरच्या सोलरने २५० किलोवॅट दिले. आता ग्रिडमधून १५० किलोवॅटच येतात, पण १३१ केव्हीएआर तेवढेच राहतात, कारण इन्व्हर्टर साधारणपणे युनिटी पॉवर फॅक्टरवर सेट केलेला असतो. ग्रिडकडचे केव्हीए होतात २००, पॉवर फॅक्टर ०.७५. किलोवॅट ६२ टक्क्यांनी घटले, केव्हीए मात्र ४२१ वरून २०० वर, म्हणजे सुमारे ५२ टक्क्यांनीच. सोलरचा हिशोब केडब्ल्यूएचमध्ये मांडून दाखवला होता, बिल केव्हीएएचमध्ये येतं. तूट इथे पडते.

उपाय क्रमाने पाहा. एपीएफसी पॅनेलचा (कपॅसिटर आपोआप जोडून पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या पॅनेलचा) सीटी, म्हणजे करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर, कुठे आहे? तो मुख्य इनकमरवर हवा, जिथून फक्त ग्रिडचा करंट जातो. सोलर सीटीच्या आणि भाराच्या मध्ये जोडलं असेल तर बरोबर. सीटी जुन्या जागी, फक्त भाराच्या बाजूला राहिला असेल, तर रिलेला (कपॅसिटर जोडणाऱ्या नियंत्रकाला) सगळं ०.९५ दिसतं आणि तो स्वस्थ बसतो. दुसरं, रिले चार क्वाड्रंटचा (दोन्ही दिशांची वीज ओळखणारा) हवा. साधा रिले सोलरची वीज उलट जाऊ लागली की गोंधळतो आणि सगळे कपॅसिटर सोडून देतो. तिसरं, सोलरनंतर ग्रिडचा करंट लहान झालेला असतो, त्यामुळे ५० केव्हीएआरच्या मोठ्या पायऱ्यांनी नेमकं साधता येत नाही. ५ आणि १० केव्हीएआरच्या लहान पायऱ्या वाढवा. इन्व्हर्टरला काही रिॲक्टिव्ह भार उचलायला लावता येतो, पण तो पुरवठादाराकडून लेखी ठरवून घ्या.

याच्या उलट दोष रात्री घडतो. ट्रान्सफॉर्मरला कायमचा जोडलेला कपॅसिटर आणि यूपीएसचे फिल्टर मिळून रात्री पॉवर फॅक्टर लीडिंगला जातो. मीटर लॅग (कपॅसिटर कमी पडणं) आणि लीड (कपॅसिटर जास्त होणं) दोन्ही मोजतो आणि दोन्ही केव्हीएएचमध्ये धरले जातात. १०० किलोवॅटच्या रात्रीच्या भारावर ६० केव्हीएआर लीड म्हणजे ११७ केव्हीए, बिलात जवळपास १७ टक्के भर. बिलावरचा आरकेव्हीएएच लीडचा आकडा पाहा. तो मोठा असेल तर स्थिर कपॅसिटर एपीएफसीत घ्या किंवा काढा.

कपॅसिटर मोजताना एक चूक फार होते. व्हीएफडी आणि एलईडीमुळे हार्मोनिक्स (करंटच्या लहरीतली विकृती) असलेल्या ठिकाणी ७ टक्के रिॲक्टरसोबत (कपॅसिटरला वाचवणाऱ्या कॉइलसोबत) ५२५ व्होल्टचे कपॅसिटर लावतात. पाटीवर २५ केव्हीएआर लिहिलेलं असतं, पण ते ५२५ व्होल्टला. ४१५ व्होल्टला रिॲक्टर धरून प्रत्यक्षात सुमारे १७ केव्हीएआर मिळतात आणि प्रत्येक फेजला २३-२४ अँपिअर दिसतात. ३५ अँपिअरची अपेक्षा धरून चांगले कपॅसिटर फेकून देऊ नका. आणि नवीन पॅनेल मागवताना 'किती केव्हीएआर' यापुढे 'कोणत्या व्होल्टेजला' हे लिहून घ्या. पाटीवरच्या आकड्यांची बेरीज करून मागवलेलं पॅनेल पहिल्या दिवसापासून एक तृतीयांश कमी भरतं. तपासणीपूर्वी पुरवठा तोडून किमान पाच मिनिटं थांबा आणि डिस्चार्ज झाल्याची खात्री मीटरने करा.

एका अर्ध्या तासाने वर्ष बिघडतं

कमाल मागणी म्हणजे सलग तीस मिनिटांची सरासरी. मोटार सुरू होतानाचा झटका तिला फारसा हलवत नाही. सहापट करंट आठ सेकंद राहिला तरी तीस मिनिटांच्या सरासरीत त्या मोटारीच्या भाराच्या दोन टक्क्यांएवढीच भर पडते. त्यामुळे फक्त मागणी उतरावी म्हणून सॉफ्ट स्टार्टर घेणं व्यर्थ आहे.

खरी उडी येते ती वीज गेल्यानंतर. तासभर पुरवठा नाही, इमारत तापली, थंड पाण्याचं तापमान १६ अंशांवर गेलं. वीज परत येते आणि सगळे चिलर एकदम पूर्ण भाराने धावू लागतात. पाणी खाली आणायला त्यांना अर्धा-पाऊण तास लागतो, आणि नेमका तेवढाच वेळ मीटरला हवा असतो. दुसरी उडी सकाळी ६ ते ८ ची. खोल्यांमधले २ किलोवॅटचे शंभर गिझर एकत्र लागले तर २०० किलोवॅट.

बिलिंग मागणी ठरवताना त्या महिन्याची मागणी, मागच्या ११ महिन्यांतल्या उच्चांकाचे ७५ टक्के आणि करार मागणीचा (वीज कंपनीशी ठरलेल्या कमाल मागणीचा) आदेशात ठरवलेला टक्का, यांतला मोठा आकडा घेतात. करार ८०० केव्हीए असताना मे महिन्यात एकदा ७२० नोंदले गेले, तर पुढचे अकरा महिने ५४० च्या खालचं बिल येणार नाही, जानेवारीत मागणी ४५० असली तरी. करार ओलांडला तर ओलांडलेल्या भागावर वाढीव दराने वेगळी आकारणी.

उपाय साधे आहेत. वीज आल्यावर दुसरा चिलर पंचेचाळीस मिनिटांनी लागेल असा टायमर बीएमएसमध्ये (इमारतीच्या संगणकीय नियंत्रण यंत्रणेत) घाला, आणि बीएमएस नसेल तर कंट्रोल वायरिंगमध्ये. पहिल्या चिलरच्या कंट्रोलरमध्ये डिमांड लिमिट नावाचं सेटिंग असतं, ते पहिला तासभर ७० टक्क्यांवर ठेवा. गिझरऐवजी मध्यवर्ती सोलर वॉटर हीटर किंवा हीट पंप लावा. हीट पंप एका युनिटमध्ये साधारण तीन युनिटांची उष्णता देतो आणि टाकी दुपारी भरून ठेवता येते. मीटरचा लोड सर्व्हे (भाराची वेळेनुसार नोंद) दर महिन्याला मागवून घ्या. त्यात तारीख आणि वेळ असते, म्हणून लॉगबुकशी जुळवून कारण नेमकं सापडतं.

चिलर: थंड पाणी फार फिरतं आणि थंडावा कमी पोहोचतो

'एक चिलर पुरत नाही, दोन लावावे लागतात' हे वाक्य ऐकलं की आधी चिलरच्या जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाण्याचं तापमान पाहा. ७ ला जाऊन १२-१२.५ ला परत यायला हवं. ते ९.५ ला परत येत असेल तर चिलरमध्ये दोष नाही.

सूत्र: टन = लिटर प्रति मिनिट × तापमानातला फरक ÷ ५०.४. दोनशे टनांच्या भाराला ५.५ अंश फरक असेल तर सुमारे १,८३० लिटर प्रति मिनिट लागतात. फरक २.५ झाला की तेवढ्याच थंडाव्याला ४,०३० लिटर. एका चिलरमधून इतकं पाणी जात नाही, म्हणून ऑपरेटर दुसरा चिलर, दुसरा प्रायमरी पंप, दुसरा कंडेन्सर पंप आणि दुसरा कूलिंग टॉवर लावतो. दोन्ही चिलर मग अर्ध्या भारावर रेंगाळतात.

फरक खाणारी जागा शोधायची ती एएचयूंवर. प्रत्येक एएचयूच्या कॉइलला येणाऱ्या व जाणाऱ्या पाइपवर थर्मामीटर लावा. बंद एएचयूच्या परतीच्या पाइपला हात लावला आणि तो गार लागला, तर व्हॉल्व्ह उघडा आहे आणि पाणी काम न करता परत जातं आहे. ॲक्च्युएटर (व्हॉल्व्ह फिरवणारी मोटार) जळालेला असतो, किंवा कुणीतरी तो सोडवून व्हॉल्व्ह हाताने पूर्ण उघडलेला असतो. त्यानंतर एअर फिल्टर, मग कॉइलच्या पंखांमधला कचरा. तीनमार्गी व्हॉल्व्ह असलेल्या जुन्या इमारतींत बायपासची बाजू बंद करून त्यांचे दोनमार्गी करता येतात, पण तेव्हा पंपाला व्हीएफडी हवाच आणि पाइपलाइनच्या टोकाचे एक-दोन व्हॉल्व्ह किमान प्रवाहासाठी तसेच ठेवायचे.

व्हीएफडीही उघडून पाहा. तो कायम ५० हर्ट्झ दाखवत असेल तर प्रेशर सेन्सर मेला आहे किंवा सेटपॉइंट गाठताच येणार नाही इतका वर आहे. शेवटच्या एएचयूला पुरेल एवढाच दाब ठेवा. ४० हर्ट्झवर पंपाची वीज जवळपास निम्मी होते. वरच्या टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपाला हा हिशोब लागू नाही, तिथे उंची तीच राहते.

आता कंडेन्सरची बाजू. आपल्याकडे बोअर आणि टँकरचं पाणी जड असतं, बेसॉल्टच्या पट्ट्यात तर विशेष. कूलिंग टॉवरमध्ये ते आटत जातं आणि नळ्यांवर पांढरा थर धरतो. ओळखायचं असं: रेफ्रिजरंटचं कंडेन्सिंग तापमान आणि कंडेन्सरमधून बाहेर पडणारं पाणी यांत स्वच्छ नळ्यांना एक-दोन अंशांचा फरक असतो. तो ४ च्या वर गेला की ब्रशिंग करा. कंडेन्सिंग एक अंश वाढलं की चिलरची वीज साधारण २ ते ३ टक्के वाढते. नळ्या नुसत्या घासून सॉफ्टनर आणि ब्लोडाउनकडे (क्षार साचलेलं पाणी सोडून देण्याकडे) दुर्लक्ष केलं तर थर पुन्हा धरतो.

टॉवरच्या पंख्यांबाबत हवामान लक्षात घ्या. मे महिन्यात नागपूरची हवा तापलेली पण कोरडी असते, वेट बल्ब तापमान (बाष्पीभवनाने पाणी जिथवर गार होऊ शकतं ते) खूप खाली असतं, त्यामुळे टॉवर पाणी छान गार करतो. जुलैत मुंबईचं वेट बल्ब २६ अंशांच्या आसपास असताना पाणी २९-३० च्या खाली येणारच नाही. तिथे २७ चा सेटपॉइंट ठेवला तर पंखे चोवीस तास पूर्ण वेगाने फिरत राहतात. सेटपॉइंट स्थिर आकड्याऐवजी वेट बल्ब अधिक ३ ते ४ अंश असा ठेवा.

दुरुस्ती टिकत का नाही

मूळ दुखणं इथे आहे. वॉर्डातून फोन येतो, 'फार गरम होतंय.' रात्रपाळीचा ऑपरेटर एकटा असतो. तो चिलरचं पाणी ९ वरून ६ वर आणतो, त्या मजल्याचा व्हॉल्व्ह हाताने उघडतो, व्हीएफडी बायपासवर टाकतो. रुग्णाला आराम मिळतो, त्याने योग्यच केलं. पण सकाळची पाळी येते तेव्हा यातलं काहीही परत फिरवायला कुणी सांगितलेलं नसतं. असे वीस फोन झाले की इमारत पुन्हा जुन्या बिलावर येते.

म्हणून चार गोष्टी लावून घ्या. पॅनेल रूममध्ये प्रत्येक सेटपॉइंटचा मंजूर आकडा लिहिलेला एकच कागद, प्रमुख अभियंत्याच्या सहीचा. हाताने बदललेल्या प्रत्येक स्विचवर, व्हॉल्व्हवर लाल टॅग: तारीख, वेळ, कारण, नाव. ७२ तासांत टॅग निघाला पाहिजे. एक तर सेटिंग पूर्ववत, नाहीतर मूळ बिघाडाचं जॉब कार्ड. आणि आठवड्यातून एकदा टॅगांची यादी वैद्यकीय अधीक्षकांच्या टेबलावर. ऑपरेटरला दोष देण्यासाठी ही यादी वापरली, तर दुसऱ्या आठवड्यापासून टॅग लागणंच बंद होईल.

ज्या खोलीतून तीनदा तक्रार आली तिथे सेटपॉइंट न बदलता माणूस पाठवा. बहुतेकदा फ्लेक्झिबल डक्ट निसटलेला असतो, डॅम्पर बंद असतो, किंवा थर्मोस्टॅट पश्चिमेच्या उन्हात किंवा फ्रिजच्या मागे बसवलेला असतो. एका खोलीच्या थर्मोस्टॅटसाठी सगळ्या इमारतीचं पाणी तीन अंश गार करणं हा सर्वांत महाग इलाज आहे: पाणी एक अंशाने गार करायला चिलर साधारण २ ते ३ टक्के जास्त वीज घेतो.

करार मागणी शेवटी

करार मागणी कमी करण्याचा अर्ज हा शेवटचा टप्पा. वरची कामं होऊन एप्रिल-मे आणि ऑक्टोबर हे दोन्ही तापलेले काळ जाऊ द्या, लोड सर्व्हेतला उच्चांक घ्या, त्यावर पाच ते दहा टक्के जागा ठेवा आणि मग अर्ज करा. नवीन एमआरआय, सीटी स्कॅन किंवा वाढीव मजला पुढच्या दोन वर्षांत येणार असेल तर तो भार आधी धरा, कारण मागणी उतरवून पुन्हा वाढवताना शुल्क, मंजुरी आणि कधी कधी नवीन मीटरिंग सीटी हे सगळं नव्याने करावं लागतं.